चुंबकाला न सापडलेला जोड

करवंट्यांचा कोळसा करणाऱ्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले ते एका कागदावर सही करायला. विमा कंपनीनं वाफेच्या लाइनचा दाखला मागितला होता, शेठला तो आठवड्याच्या आत हवा होता, आणि पाइपांवरच्या ताणाचं गणित करणारी एक बाई विरारमध्येच राहते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चंदनसारहून रिक्षानं पाऊण तास. मी हो म्हटलं.

मुंबईतल्या कचेरीत वीस-बावीस वर्षं मी हेच केलं. मोठमोठ्या कारखान्यांचे मैलोन्मैल पाइप पडद्यावर तपासले. हात लावला असे त्यातले मोजकेच. नोकरी सोडून वसई-विरारमधली छोटी कामं घ्यायला लागले तेव्हा पाइप समोर दिसायला लागले. ते पडद्यावरच्या पाइपांसारखे नसतात. घामट, वाकडे, कुठे कोणाचा टॉवेल वाळत घातलेला.

कारखाना वसई पूर्वेला, गाळ्यांच्या रांगा संपून डोंगर सुरू होतो तिथे. करवंट्या थोड्या भुईगावकडच्या वाड्यांतून येत, बाकीच्या ट्रकनं लांबून. त्या जाळून कोळसा करायचा, तो कोळसा मोठ्या फिरत्या भट्टीत टाकायचा आणि त्यावर प्रचंड तापलेली वाफ सोडायची. वाफेनं कोळशाला असंख्य बारीक छिद्रं पडतात आणि मग तो पाणी गाळायच्या यंत्रांत जातो. माझं काम त्या वाफेच्या लाइनपुरतं. बारा मीटर लांब, स्टेनलेसची, शेडच्या आत छपराखालून भट्टीपर्यंत गेलेली. आतलं तापमान साडेसहाशेच्या वर. तितक्या उष्णतेला पोलाद अंधारात मंद लाल दिसतं. दिवसा काही दिसत नाही. आणि इथे तर वरून जाड लोकरीसारखं इन्सुलेशन, त्यावर पत्र्याचं आवरण. खालून पाहिलं तर करडा, मुका नळ.

त्या नळाच्या बरोबर खाली पाच बायका गोणपाटावर बसून करवंट्या निवडत होत्या. शेंड्या राहिलेल्या एका बाजूला, फुटक्या दुसऱ्या. सावलीतली मोकळी जागा तेवढीच होती. सहावी बाई मात्र बाहेर अंगणात, भर उन्हात, शेडकडे तोंड करून एकटी बसली होती. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

“त्या बाहेर का?” मी सुपरवायझरला विचारलं. तो फुलपाड्याचा, पस्तिशीचा, दिवसभर कानात इअरफोन.

“ती आमची देवरुषीण,” तो म्हणाला. “तिला पाइप ऐकू येतो.”

म्हातारीनं मान वर न करता उत्तर दिलं, “तुला नाय ऐकू यायचा. तुझ्या कानात बूच हाय.”

सावलीतल्या बायका खुदखुदल्या. सुपरवायझरही हसला, पण लगेच माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, हसण्यावारी घालवलं आम्ही, पण आता तिचं बघून बाकीच्या पण कुरकुर करायला लागल्यात. शेठनं सांगून टाकलंय. सोमवारपासून आत बसायचं, नाहीतर यायचं नाही. तुमचा कागद आला की तिला दाखवतो. वाचता येत नाही तिला, पण शिक्का तर दिसेल.”

म्हणजे मी सही केली की ती बाई लाइनखाली बसणार किंवा कायमची घरी जाणार. तो शुक्रवार होता.

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. “मावशी, काय ऐकू येतं?”

“बोटं मोडल्यासारखं. सगलं गप झालं की मग.” तिनं एक करवंटी उलटी करून बाजूला टाकली. “आयकून काय करतेस, बाय? मोजून बघ. मी नवीन आले तवा त्या कोपऱ्यात, भिंत आन पाइपाच्या मधी, माझी वीत पुरी बसायची. आता बसत नाय. चार बोटं कमी.”

हे मला समजावता येण्यासारखं होतं, आणि मी समजावलं. पाइप तापला की लांबतो, बारा मीटरचा पाइप इतका तापला तर चांगला पाऊण वीत लांबतो, म्हणून तर शेवटाला जागा सोडतात. घाबरायचं कारण नाही. मी हे फार शांतपणे सांगितलं, शाळेतल्या बाईंसारखं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तापल्यावर तर बोट पन जात नाय तिथं. मी गारचं सांगते. गणपतीत भट्टी बंद होती, झाडायला मीच आलती. शिडीवर चढून वीत लावली. गार पाइप. चार बोटं कमी.”

तापलेला पाइप लांबतो आणि निवला की मागे येतो. तो मागे आला नसेल तर ती वेगळी गोष्ट.

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे शुक्रवारी जातेच. पंखे, पट्टा, चाळणी, सगळं एकदम थांबलं. जनरेटर सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागणार होती, तोवर मी वहीत काही लिहायला शेडमध्ये शिरले. आत चांगलाच काळोख होता. कोळशाची पूड भिंतींवर इतकी बसलेली की बाहेरचं ऊन दारातच संपायचं. बायका तशाच बसून होत्या, हात थांबवून.

मग वरून आवाज आला. टक. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक, थोडा पुढे, जणू कोणी आतून चालत जाताना दर काही पावलांवर बोट मोडत होतं.

मी वर पाहिलं. पत्र्याच्या दोन तुकड्यांमधे फट पडली होती, आतली लोकरही तिथे सरकली होती, आणि त्या फटीतून एक बारीक लाल रेघ दिसत होती. रेघ म्हणजे प्रकाशसुद्धा नव्हता तो. अंधारात डोळे मिटल्यावर दिसतो तसा रंग. खाली पाच बायकांची डोकी, काळ्या पुडीनं एकसारखी झालेली, आणि वर ती रेघ. जनरेटर घरघरला, दिवे लागले, रेघ गेली. बायकांचे हात पुन्हा चालू झाले. मी वहीत काय लिहायला आले होते ते मला आठवेना.

घरी येऊन गणित केलं. नकाशावर पाइपापुढे ‘सीमलेस’ लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दावर सगळं उभं होतं, म्हणून तो इथे सांगायला हवा. पाइप दोन तऱ्हांनी करतात. तापलेल्या भरीव ठोकळ्याला मधून भोक पाडत तो लांबवायचा. त्याला सांधा नसतो, तो सीमलेस. किंवा पत्रा गोल वळवायचा आणि त्याच्या दोन कडा लांबीभर वेल्ड करायच्या. साध्या तापमानाला नीट तपासलेला जोड बाकीच्या पाइपाइतकंच ओझं घेतो. पण फार तापलं की पोलाद वेगळं वागायला लागतं. ओझं वाढवलेलं नसतं, उष्णता वाढवलेली नसते, कोणी हात लावलेला नसतो, आणि तरी ते सावकाश ताणलं जातं. वर्षानुवर्षं. यात जोड आधी दमतो. म्हणून आमच्या कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, एक तक्ता दिलेला आहे. जोडाच्या पाइपाला जितका ताण चालतो असं पुस्तक म्हणतं, त्याला तक्त्यातल्या आकड्यानं गुणायचं. कमी तापमानाला तो आकडा एक असतो, म्हणजे काहीच कमी करायचं नाही. तापमान चढतं तसा तो घसरतो आणि शेवटच्या रकान्यात निम्मा होतो. सीमलेसला हा तक्ता लागत नाही.

सीमलेस धरून लाइन पास होत होती. जेमतेम, पण पास. जेमतेम का होईना, पास होणारी लाइन गार झाल्यावर चार बोटं लांब राहायला नको होती.

शनिवारी सकाळी मी लाइन बनवणाऱ्याकडे गेले. त्याचा गाळा त्याच पट्ट्यात, दोन रस्ते अलीकडे. मालक सत्तरीचा, स्वतः हाडाचा वेल्डर, डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल. त्यानं फाइल काढली. पाइपाचा दाखला व्यवस्थित होता: सीमलेस, नंबरासकट.

“काका, नंबर पाइपावर होता?”

“असणारच. एका टोकाला रंगानं लिहून येतो.”

“आणि कापल्यावर? नंबराचं टोक एका कामाला गेलं, तर उरलेल्या तुकड्यावर काय राहतं?”

“कापायच्या आधी नंबर दुसऱ्या टोकावर उतरवायचा असतो. करतो आम्ही.”

“दर वेळी?”

“दर वेळी म्हणजे…” त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. “पावसाळ्यात रंग राहत नाही, ताई. तुम्हाला माहीत नाही का?”

मागच्या अंगणात उभ्या केलेल्या पाइपांत जोडाचे आणि बिनजोडाचे शेजारी शेजारी होते. सगळे सारखेच गुळगुळीत. याची कीर्ती मी आधीही ऐकली होती. त्याच्या गाळ्यात वेल्ड झाला की ग्राइंडर मारून, मग पॉलिशचा पट्टा मारून तो इतका साफ करतात की बोट फिरवूनही कळत नाही. नवीन गिऱ्हाइकाला तो पाइप हातात देऊन म्हणायचा, जोड शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. अख्ख्या पट्ट्यात असं काम कोणी करत नाही याचा त्याला अभिमान होता. बाहेरून आलेल्या जोडाच्या पाइपांनाही त्याची माणसं तसाच हात मारत. काम सुबक दिसावं म्हणून.

“त्या कोळशाच्या लाइनचा काही तुकडा उरलाय?”

होता. हातभर. त्यावर एकानं पाण्याचा माठ ठेवला होता. मी माठ उतरवला आणि पर्समधून माझं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं, दोऱ्याला बांधलेलं. या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, पण वेल्ड वितळून पुन्हा गोठताना त्यात थोडा चिकटणारा भाग तयार होतो. फार थोडा. दोरी धरून पाइपाभोवती सावकाश फिरवलं तर चुंबक तिथे नुसतं कलतं.

ते एका जागी कललं. मी वर-खाली केलं. एका सरळ रेषेत, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते त्या बाजूला झुकत राहिलं.

म्हातारा पाहत होता. “चहा पाजावा लागणार,” तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं. “हा त्याच पाइपाचा तुकडा कशावरून? इथे काय काय पडलेलं असतं.”

“तेच तर बघायचंय,” मी म्हटलं.

दर महिन्याला साफसफाईसाठी भट्टी शुक्रवारी संध्याकाळीच विझवत आणि रविवारी लाइन हात लावण्याइतकी गार होई. माझ्या नशिबानं तो आठवडा त्याचाच होता. शनिवारी रात्री भांडी आवरताना मी सहज चुंबक स्टीलच्या पातेल्यावर धरलं. काठाला ओढ घेत होतं, मधे नाही. मग डब्यावर, मग पळीवर. नवरा दारात उभा राहून म्हणाला, “आता भांड्यांनाही दाखले देणार का?” मी चुंबक ठेवून दिलं. पण नंतर खिडकी बंद करताना माझं बोट आपसूक गजाच्या मागच्या बाजूवरून फिरलं.

रविवारी शेडमध्ये मी, सुपरवायझर आणि एक फिटर. भट्टी बंद असली की तिथे फारच शांत असतं. बायका नव्हत्या, त्यांची गोणपाटं मात्र लाइनखाली पाच ठिकाणी तशीच अंथरलेली, प्रत्येकावर बसल्याचा खळगा. मावशी झाडायला आलेली होती, अंगणात. फिटरनं पाच-सहा ठिकाणी पत्रा उघडून, इन्सुलेशन काढून खिडक्या केल्या. आतला पाइप काळपट जांभळा झालेला. शिडीवर चढून मी दोरी धरली.

चुंबक सरळ लटकलं. पाइपाभोवती पूर्ण फिरवलं, सरळ. पुढच्या खिडकीत, सरळ. सगळ्या ठिकाणी, सगळ्या बाजूंनी, ते ओळंब्यासारखं खाली पाहत राहिलं.

सुपरवायझरनं खालून श्वास सोडला. “झालं. सीमलेस. मॅडम, शेठला फोन करू?”

मी म्हटलं, कर. खरंच म्हटलं. कागद पिशवीतच होता. खाली उतरून मी शिडीच्या पायरीवर कागद ठेवून पेन उघडलं, आणि मग माझ्या जुन्या साहेबांची एक सवय हाताला आठवली. ज्या मापानं काही सापडलं नाही, ते माप आधी जिथे नक्की काही आहे तिथे लावून बघायचं. मी पुन्हा वर चढले. जिथे सरळ पाइप कोपऱ्याच्या वळणाला जोडला होता तिथे आडवा गोल वेल्ड होता. हा शिडीवर उभं राहून साइटवरच केलेला, त्यामुळे साफ न केलेला, जाडजूड, आंधळ्यालाही दिसेल असा. चुंबक तिथे नेलं.

सरळ.

मी वेल्डवर अगदी टेकवलं. ते घसरून खाली लोंबलं, दगडावर टेकवल्यासारखं. माझ्या डोळ्यांसमोर वेल्ड होता आणि चुंबकाच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मी लाइनच्या दुसऱ्या टोकाला, भट्टीपासून दूर, हीटरच्या अलीकडे, वाफ जिथे अजून इतकी तापलेली नसते त्या व्हॉल्व्हजवळ गेले. तसाच गोल वेल्ड, त्याच माणसाच्या हातचा. तिथे चुंबक टुणकन कललं.

शिडीवरून उतरताना मला कळलं काय झालंय ते. वर्षानुवर्षं इतक्या उष्णतेत राहिल्यावर वेल्डमधला तो चिकटणारा भाग हळूहळू बदलून दुसरंच काही होतो. कडक, ठिसूळ, आणि चुंबकाला न दिसणारं. जे शोधायला मी आले होते ते तिथे नव्हतं असं नाही. ते ओळखू येण्याच्या पलीकडे गेलं होतं. आणि मी पेन उघडलं होतं.

“फोन लावलाय,” सुपरवायझर म्हणाला.

“ठेव. पॉलिश पेपर आण. आणि माझ्या पिशवीतली ॲसिडची बाटली, हातमोजे घालून.”

पाइपाभोवती चार बोटं रुंदीचा पट्टा आम्ही आरशासारखा होईपर्यंत घासला. मग मी कापसाचा बोळा ॲसिडमध्ये बुडवून त्यावर फिरवत राहिले. पहिल्यांदा काही झालं नाही. चकाकी थोडी मंदावली, बस. सुपरवायझर मोबाइलचा दिवा धरून उभा. मग खालच्या बाजूनं, पाइपाच्या पोटाला, एक पट्टी वर येऊ लागली. बोटभर रुंद, बाजूच्या पोलादापेक्षा मळकट, दोन्ही कडा सरळ. आधीपासून तिथे असलेलं काहीतरी पाण्यातून पृष्ठभागाजवळ यावं तशी. पुढच्या खिडकीत घासलं, तिथेही तीच. त्याच्या पुढे, तीच. बारा मीटर एका रेषेत, बरोबर तळाला. आणि तिच्या खाली ओळीनं पाच गोणपाटं.

फिटर वयस्क माणूस होता. तो खाली उतरला आणि पायानं गोणपाटं एकेक करून भिंतीकडे सरकवली.

मी तिथेच बसून गणित पुन्हा केलं, या वेळी तक्त्यातला आकडा लावून. पाइपाची जाडी हवी त्यापेक्षा बरीच कमी निघाली. शेठ तासाभरात आले. वाद झाला, पण आरडाओरडा नाही.

“दिवाळीपर्यंत चालवू द्या,” ते म्हणाले. “इतकी वर्षं चाललीय ना? मग महिन्याभरात काय होणार आहे?”

“इतकी वर्षं चाललीय, म्हणूनच. पाइप ती वर्षं विसरलेला नाही.”

“दुसरा इंजिनिअर सही देईल.”

“देईल. त्याला हे फोटो आधी दाखवा. मी विमा कंपनीलाही पाठवलेत.” खरं म्हणजे तोवर पाठवले नव्हते. तिथेच पाठवले.

शेठ शिडीवर चढून त्या मळकट पट्टीजवळ गेले. हात लावायला बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. मग फिटरला म्हणाले, “उतरव.”

लाइन बुधवारी उतरवली. मी गेले होते, कारण एक तुकडा मला कापून तपासायला हवा होता. दोन्ही टोकांना कापून, मधला लांब तुकडा साखळीच्या कप्पीला टांगून खाली आणत होते. सगळं नीट चाललं होतं. जमीन कमरेइतकी खाली राहिली असताना एका बाजूची दोरी सरकली आणि पाइप एका टोकानं फरशीवर आपटला.

फार जोरात नाही. पोलादाचा पाइप पडला की घणघणतो, तो आवाज मला पाठ आहे. हा घणघणला नाही. मातीचं कौल फुटावं तसा वाजला, आणि वाजत पुढे गेला, या टोकापासून त्या टोकाकडे. मग थांबला. पाइप पोटाच्या रेषेत उभा चिरला होता. दोन्ही कडा थोड्या उघड्या. मी वाकून पाहिलं. कडा चकचकीत नव्हत्या. दाणेदार, राखेच्या रंगाच्या, बोटानं खरवडलं तर सुटेल असं वाटणाऱ्या. थंड होता तो. आत वाफ नव्हती, दाब नव्हता. नुसता पडला होता.

कामावर असलेली सगळी माणसं जमा झाली, बायकाही. सुपरवायझरनं कानातले इअरफोन काढून खिशात टाकले होते. मावशीनं तोंडाला पदर लावून त्या फटीत एकदा डोकावून पाहिलं आणि ती मागे फिरून झाडू घेऊन गेली. सोमवारी ती आली होती. भट्टीच बंद, त्यामुळे आत बसायचा प्रश्न आला नव्हता. पण शेठनं दिलेली ताकीद तशीच होती. नवीन पाइप बसल्यावर ती लागू होणार होती.

नवीन पाइप महिन्यानं आला. या वेळी मी स्वतः नंबर पाहिला, कापण्याआधी दुसऱ्या टोकावर उतरवून घेतला, कागद ताडून पाहिला. खरोखरचा सीमलेस. लाइन चढली, भट्टी पेटली, आणि मी शेवटच्या तपासणीला गेले तो नेमका पुन्हा शुक्रवार. वीज गेली.

शेडमध्ये काळोख. वरून आवाज आला. टक. थोड्या वेळानं, पुढे, टक.

मी तिथून हलले नाही. हा आवाज कशाचा, ते मला आता माहीत होतं. तापलेला पाइप लांबतो, वरचा पत्रा लांबत नाही, दोघं एकमेकांवर घासत सुटतात. नवीन पाइपाचा, जुन्या पाइपाचा, कोणत्याही चांगल्या पाइपाचा आवाज. मावशीला इतके दिवस ऐकू येत होतं ते जोडाचं नव्हतंच. जोडानं शेवटपर्यंत आवाज केला नव्हता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वीज आली. सुपरवायझर दारात उभा होता, मागे मावशी, तिचा ढीग अजून अंगणातच. “मॅडम,” तो म्हणाला, “आता तुम्हीच हिला सांगा. नवीन पाइप, सगळा तपासलेला, आता काही आवाज नाही. शेठ विचारतायत, बसणार का आत.”

“आवाज हाय,” मावशी म्हणाली.

“आहे,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आवाजाचं कारण मी तिला सांगू शकले असते. कदाचित तिनं ऐकूनही घेतलं असतं, पहिल्या दिवशी घेतलं होतं तसं. मी कागद काढला. पाइप चांगला असल्याचं वर लिहिलेलंच होतं. त्याच्या खाली अटींमध्ये मी हातानं एक ओळ वाढवली: या लाइनखाली कोणीही काम करत बसू नये, निवडण्याची जागा शेडच्या बाहेर, स्वतंत्र छपराखाली असावी, ही अट पाळली नाही तर दाखला रद्द समजावा. त्यापुढे सही केली, शिक्का मारला.

सुपरवायझरनं ती ओळ दोनदा वाचली. “पण पाइप पास आहे ना?”

“पास आहे. मागचाही कागदावर पासच होता. शेठना सांग, छप्पर घातल्याचा फोटो आल्याशिवाय मूळ प्रत मिळणार नाही.”

तो कुरकुरत शेठच्या केबिनकडे गेला. दहा मिनिटांनी परत आला आणि अंगणात पावलं टाकून जागा मोजायला लागला. आतल्या बायकांनी आपणहून गोणपाटं उचलायला सुरुवात केली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मावशी माझ्याजवळ आली. कागदाकडे बोट करून तिनं विचारलं, “ह्याच्यात माझं नाव घातलंस काय?”

“नाही.”

“कुठंच नाय?”

“कुठंच नाही, मावशी.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली, आणि सुपरवायझरला ओरडून सांगायला गेली की छपराचा खांब मधे येतोय, बसल्या जागेवरून पाइप दिसत नाही, हातभर अलीकडे घे.